आपल्याच मुळावर

मद्यावर आम्ही लेख लिहावा, हे आमच्या परिचितांस थोडे चमत्कारिक वाटेल. कार्यालयातील निरोपसमारंभात जो गृहस्थ सरबताच्या टेबलापासून हलत नाही, ज्याच्या आजोबांच्या गळ्यात शेवटपर्यंत तुळशीची माळ होती, त्याचा या विषयात अधिकार तो काय? अधिकार नाहीच. ज्या वाइनविषयी पुढे लिहावयाचे आहे तिचा थेंबही आमच्या जिभेवर पडलेला नाही. आणि केंद्र सरकारच्या वेतनश्रेणीत वरिष्ठ लिपिकाचे जे स्थान आहे ते पाहता पुढे कधी पडेल असाही संभव नाही. तिची किंमत आम्हांस कळली आहे, परंतु ती येथे लिहीत नाही. हा अंक आमच्या घरीही वाचला जातो.

तरीही लिहावेसे वाटते, याचे कारण असे की वाइन ही वस्तू आमच्या आयुष्यात दोन वाटांनी आली. एकदा शेतातून आणि एकदा फाइलीतून. फाइलीचे आधी सांगून टाकतो, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. २ एप्रिल २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आर्थिक सहकार्य व व्यापार करार झाला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरपासून तो अमलात आला. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या वाइनवर तोवर १५० टक्के आयातशुल्क होते. करारान्वये ५ अमेरिकन डॉलरांच्या आतील बाटलीस काहीच सवलत नाही. ५ डॉलरांच्या वरच्या बाटलीवरील शुल्क १०० टक्क्यांवर आले, १५ डॉलरांच्या वरच्या बाटलीवरील ७५ टक्क्यांवर. आणि पुढील दहा वर्षांत हे आकडे अनुक्रमे ५० व २५ पर्यंत उतरावयाचे. एका लांबलचक तक्त्याच्या दोन प्रती ताडून पाहण्याचे काम त्या दिवसांत आमच्याकडे होते. ई-ऑफिस आल्यापासून फाइलीला सुतळी राहिली नाही, बोटाला शाई लागत नाही. पण तक्ता ताडणे हे काम मात्र पूर्वीइतकेच डोळे फोडणारे आहे. (हे सारे आकडे प्रसिद्ध झालेले असल्याने गोपनीयतेचा भंग होत नाही, हे सवयीने नमूद करतो.) त्या ओळीशी येताच आमची नजर क्षणभर अडखळली. शेजारच्या सहकाऱ्यांस वाटले, काही चूक सापडली. चूक तक्त्यात नव्हती.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, अ‍ॅडलेडहून आमच्या एका महाविद्यालयीन स्नेह्याचे पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात संगणकावरचे. परंतु हे गृहस्थ अजूनही मायना घालून लिहितात, म्हणून त्यास पत्रच म्हटले पाहिजे. सुट्टीच्या दिवशी ते शहराच्या ईशान्येस ईडन व्हॅली नावाच्या डोंगराळ भागात गेले होते. तेथे कीनटन या खेड्याजवळ हेन्श्के नावाच्या घराण्याचा वाइनचा जुना कारखाना आहे. त्या घराण्याच्या सर्वांत नामांकित शिराजची नवी बाटली त्याच वर्षी बाजारात आली होती आणि गावात तिचीच वार्ता होती. नवी म्हणजे २०१८ च्या हंगामाची. फळ काढल्यापासून पाच वर्षे ती वाइन तळघरात राहते, मग तिला उजेड दिसतो. स्नेह्याने शेवटी लिहिले होते, "बाटली विकत घेण्याची आपली ऐपत नाही. पण रस्त्यावरून बाग दिसते. बाग पाहिली आणि तुझ्या तात्यांच्या दोन एकरांची आठवण झाली. फोटो जोडला आहे."

तो फोटो आम्ही किती वेळ पाहिला हे सांगत नाही. द्राक्षवेलीचे खोड आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत; मनगटाएवढे, फार तर दंडाएवढे. हे खोड जुन्या चिंचेच्या खोडासारखे पिळलेले, भेगाळलेले, मध्येच पोकळ पडलेले होते. त्याच्यामागे दगडी भिंतींचे एक लहानसे चर्च. बाकी सारे माळरान.

या बागेचा इतिहास त्या खोडासारखाच पीळदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या राजाने आपल्या राज्यातील प्रॉटेस्टंट पंथांस एका छत्राखाली आणण्याचा हुकूम काढला. जुन्या वळणाच्या ल्यूथरपंथी शेतकऱ्यांना तो मानवला नाही. पूजेची पद्धत राजाने ठरवावी, हे त्यांना पटेना. गावेच्या गावे उठून दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे जहाजाने निघाली. त्यांत योहान क्रिश्चियन हेन्श्के नावाचा एक गृहस्थ १८४१ साली आला. वीस-एकवीस वर्षांनी त्याने कीनटनजवळ जमीन घेतली आणि १८६८ साली घरची पहिली वाइन विकली. तेव्हापासून आजपर्यंत कारखाना त्याच घराण्यात आहे. सहावी पिढी कामास लागली आहे.

परंतु फोटोतील बाग त्याने लावलेली नव्हे. ती निकोलस स्टानिट्झ्की या दुसऱ्या एका निर्वासिताने १८६० च्या सुमारास लावली. सोयरिकीच्या धाग्याने ती पुढे हेन्श्के घराण्याकडे आली. समोरच्या चर्चचे नाव ग्नाडेनबर्ग. जर्मन भाषेत याचा अर्थ कृपेचा डोंगर. त्याचेच इंग्रजी रूप बागेस मिळाले, ‘हिल ऑफ ग्रेस’, आणि तेच नाव वाइनला. सगळी बाग मिळून सुमारे ८ हेक्टर, म्हणजे आपल्या वीस एकरांच्या आसपास. त्यातला एक तुकडाच शिराजचा. १८६० च्या मूळ वेली अजून उभ्या आहेत आणि दर वर्षी फळ देतात. घरची मंडळी त्यांना ‘आजोबा’ म्हणतात. २०१८ च्या बाटलीत ज्यांचा रस आहे, ते आजोबा त्या वर्षी १५८ वर्षांचे होते.

शंभर वर्षे या फळाला स्वतंत्र नाव नव्हते, हे ऐकून आम्हांस नवल वाटले. त्या काळी ऑस्ट्रेलियात गोड, कडक केलेल्या मद्याचा खप मोठा होता आणि हेन्श्के घराण्याचा मालही बहुतांशी तसाच, घाऊक भावाने जात असे. चौथ्या पिढीतील सिरिल हेन्श्के यांनी हा रिवाज मोडला. एका शेताचे फळ दुसऱ्या शेतात मिसळू द्यायचे नाही, त्याची वाइन वेगळी करायची आणि तिला त्या शेताचे नाव द्यायचे, असे त्यांनी मनाशी घेतले. १९५२ मध्ये ‘माउंट एडलस्टोन’ नावाच्या शेताची आणि १९५८ मध्ये ‘हिल ऑफ ग्रेस’ची पहिली वाइन त्यांनी केली. म्हणजे २०१८ चा हंगाम हा या नावाच्या साठीचा आणि घराण्याच्या दीडशेव्या वर्षाचा. आता कारभार सिरिल यांचे चिरंजीव स्टीफन आणि त्यांच्या पत्नी प्रू यांच्याकडे आहे. स्टीफन वाइन करतात, प्रू बाग पाहतात. प्रूबाई वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक. १९८६ पासून त्यांनी आजोबांपैकी निवडक वेलींच्या काड्या घेऊन रोपवाटिका केली. जेथे एखादा आजोबा जातो तेथे त्याच्याच काडीचे रोप लागते. जमिनीवर गवताच्या काडाचे आच्छादन घालतात. शेणाने भरलेले गाईचे शिंग जमिनीत पुरून त्याचे पाणी शिंपडण्याची जी पद्धत युरोपात शंभर वर्षांपूर्वी निघाली, तीही त्यांनी स्वीकारली आहे. हे वाचून आमच्या तात्यांची मुद्रा कशी होईल याची कल्पना करून आम्ही एकटेच हसलो.

१९७४ आणि २००० या दोन वर्षी या नावाची बाटली निघालीच नाही. फळ मनास आले नाही, म्हणून नाव दिले नाही. आमच्या मते त्या घराण्याने केलेल्या सगळ्या वाइनींत या दोन न केलेल्या वाइनींचे मोल थोर आहे. पण हे मत चव न घेणाऱ्याचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चवीविषयी जाणकार काय म्हणतात? मिरे, तमालपत्र, काळ्या बोरांसारखी रानफळे आणि चिनी लोकांचा पंचमसाला. हे वर्णन वाचताना आम्हांस मद्यालयाऐवजी मातोश्रींच्या मसाल्याच्या डब्याची आठवण झाली. मिऱ्यांची गोष्ट मात्र केवळ अलंकार नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शिराजमधील मिऱ्याच्या गंधाचे द्रव्य शोधून काढले. त्याचे नाव रोटंडोन, आणि तेच द्रव्य काळ्या मिऱ्यांतही असते. नावाचे मात्र उलट आहे. इराणातल्या शिराज नगरीशी या द्राक्षाचा काही संबंध नाही. त्याचे कूळ फ्रान्समधले. ड्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या दोन अप्रसिद्ध जातींचे ते अपत्य, असे जनुकीय परीक्षणाने ठरले आहे. एवढ्या कवितांनी ज्या नगरीच्या नावाभोवती धूप जाळला, तिला हे फळ ठाऊकही नसावे, याचे आम्हांस थोडे वाईट वाटले.

फ्रान्समध्ये मात्र १८६० च्या आजोबांना जोडीदार सापडणे दुर्मीळ. कारण फायलोक्सेरा. हा मावा-तुडतुड्यांच्या गणगोतातला एक सूक्ष्म किडा. अमेरिकेतून युरोपात गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने तेथील बागा मुळांपासून खाऊन टाकल्या. शेवटी उपाय निघाला तो असा, की अमेरिकन वेलीच्या मुळांना हा किडा फारसा बाधत नाही, तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपची काडी असे कलम करावे. आज जगातील बहुतेक द्राक्षबागा अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियातही व्हिक्टोरिया प्रांतात जिलाँगजवळ १८७७ साली किडा आला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा करून आपल्या सीमा आवळल्या आणि तो प्रांत अद्याप या किड्यापासून मुक्त आहे. म्हणूनच आमच्या स्नेह्यास बागेच्या कुंपणाबाहेर चर्चच्या बाजूला उभे राहावे लागले. बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून किडा येऊ शकतो, त्यामुळे पाहुण्याने वेलींत शिरायचे नाही. मंदिरात जोडे काढण्यामागे काही शास्त्रीय कारण असते, असे सांगणाऱ्या मंडळींना हा दाखला आम्ही विनामूल्य देतो.

आता शेताची गोष्ट.

दिंडोरी तालुक्यात कादवेच्या खोऱ्यात आमचे घर. जमीन थोडी; तीतले दोन एकर विहिरीखालचे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले, आणि पाहता पाहता नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांचा बोलबाला झाला. आमच्या गावात एका कारखान्याचे लोक मोटारीतून आले. रोपे आमची, सल्ला आमचा, फळ सगळे आम्ही घेऊ, भाव आधी ठरवू, असे ते म्हणाले. नेहमीची खाण्याची द्राक्षे म्हणजे व्यापाऱ्याच्या मर्जीवर पोट. त्याने पिकल्या बागेकडे पाठ फिरवली की शेतकऱ्याने हात जोडायचे. ठरलेला भाव हा शब्द तात्यांना सोन्यासारखा वाटला. घरात विरोध एकट्या आजीचा. "माळकऱ्याच्या वावरात दारूचं पीक?" असे ती दोन दिवस म्हणत राहिली. तात्या म्हणाले, "आपण द्राक्षं लावतोय. पुढं त्यांचं काय करायचं ते त्यांचं पाप." आजीने त्यानंतर त्या दोन एकरांत पाऊल टाकले नाही.

करार इंग्रजीत होता. सात पाने. आम्ही तेव्हा नाशिकला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षास होतो आणि विषय इंग्रजी होता, ही गोष्ट गावात सर्वांस ठाऊक होती. ओट्यावर कंदिलाएवढ्या मिणमिणत्या दिव्याखाली तात्या बसले, शेजारी दोघे भाऊबंद बसले, आणि तात्या म्हणाले, "वाचून दाखव."

आम्ही वाचून दाखविले. पाचव्या पानावर एक कलम होते. त्याचे वाक्य आठ ओळी लांब होते आणि त्यात तीन वेळा ‘अधीन राहून’ अशा अर्थाचे शब्द आले होते. आम्हांस ते समजले नाही. एकदा वाचले, पुन्हा वाचले, समजले नाही. ओट्यावरची मंडळी आमच्या तोंडाकडे पाहत होती. ‘हे मला कळत नाही’ असे चार शब्द म्हटले असते तर तालुक्याच्या गावी वकील होता, त्याच्याकडे जाता आले असते. आम्ही म्हणालो, "हे नेहमीचंच आहे. सगळ्या करारांत असतं." आणि पान उलटले.

आज पंधरा-सोळा वर्षे शासकीय वाक्ये वाचण्यात घालविल्यावर ते कलम आम्हांस तोंडपाठ आहे. फळ गुणवत्तेस उतरते किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकार खरेदीदाराचा राहील, आणि बाजारपेठेच्या स्थितीस अधीन राहूनच खरेदी बंधनकारक राहील, एवढाच त्याचा अर्थ होता.

२००६ च्या उन्हाळ्याआधी तात्यांनी खुंट लावले आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर शिराजची काडी बांधली. बाग छान जमली. २००८ च्या पहिल्या फळाचे पैसे रोख मिळाले. घरात नवे पत्रे आले, आमच्या परीक्षेची फी गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि नाशिकच्या टाक्यांत वाइन तुंबून राहिली. पुढल्या हंगामाचे निम्मे पैसे आले. त्याच्या पुढल्या हंगामात कारखान्याचा माणूस आला, चार मणी तोंडात टाकले, साखर पाहण्याची नळी डोळ्यास लावली आणि म्हणाला, यंदा फळ उतरत नाही. तात्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

खाण्याचे द्राक्ष असते तर पडत्या भावाने का होईना, विकता आले असते. शिराजचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. दोन एकर काळे घड वेलीवरच सुकले. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते. हिशेब आम्हीच मांडला. वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढून, एका बाजूस खर्च आणि दुसऱ्या बाजूस उत्पन्न. दुसऱ्या बाजूस लिहिण्यासारखे काही नव्हते. आम्ही म्हणालो, बाग काढावी. २०१० च्या एप्रिलात, जेव्हा खरड छाटणी करावयाची, तेव्हा ट्रॅक्टरला साखळी बांधून वेली उपटल्या. तात्या त्या दिवशी नाशिकला काही काम काढून गेले. साखळीपाशी आम्ही उभे होतो. चार वर्षांची खोडे ती, मनगटाएवढी. दोन हिवाळे त्यांवर आंघोळीचे पाणी तापले. द्राक्षाचे सरपण फार छान जळते.

त्यानंतर त्या रानात टोमॅटो झाले, पुढे खाण्याची द्राक्षे झाली. आम्ही कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दिली आणि दिल्लीस आलो. असो.

स्नेह्याच्या पत्रानंतर आम्ही त्या प्रांताविषयी मिळेल ते वाचीत सुटलो, आणि वाचता वाचता एका योजनेशी येऊन थांबलो. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास दक्षिण ऑस्ट्रेलियातही द्राक्षे उदंड झाली होती. लोकांचा ओढा पांढऱ्या वाइनकडे गेला होता आणि शिराजला भाव नव्हता. तेव्हा सरकारने वेली उपटणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान दिले. शंभर-शंभर वर्षांची शिराजची खोडे सरकारी पैशाने जमिनीबाहेर निघाली. त्या अर्जांवर कोणा लिपिकाने शेरा मारला असेल, रकान्यात क्षेत्रफळ भरले असेल, बेरीज ताडून पाहिली असेल. त्याची बेरीज बरोबरच आली असणार. आमचीही आली होती.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्याच मुलखात उरलेल्या वेलींची सनद झाली. २००९ साली बारोसा भागाने वेलींच्या वयाप्रमाणे पायऱ्या ठरविल्या. ३५ वर्षांपुढे ‘जुनी’, ७० पुढे ‘तगून राहिलेली’, १०० पुढे ‘शतायुषी’ आणि १२५ पुढे ‘पूर्वज’. आमच्या सेवेत साठाव्या वर्षी माणूस निवृत्त होतो. त्या सनदेप्रमाणे साठ वर्षांची वेल अजून ‘तगून राहिली’ म्हणवण्यासही पात्र नाही. ज्यांनी त्या दिवसांत अनुदान घेतले नाही, त्यांनी कोणता हिशेब मांडला असेल? हेन्श्के घराण्यापाशी शंभर वर्षांचे नाव होते, दुसरी शेते होती, विकावयास स्वतःची बाटली होती. आमच्या घरी दोन एकर आणि सोसायटीचे कर्ज होते. ही तुलना न्यायाची नाही, हे आम्हांस समजते. तरी रात्री झोप येईपर्यंत मन ती करीत राहते.

एक भेद तर हवामानाचाच आहे. ईडन व्हॅलीत हिवाळा पडतो, वेलीची पाने झडतात आणि ती तीन महिने झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. वर्षातून दोनदा कापायचे, फळ एकदा घ्यायचे आणि पाला मात्र बारा महिने हिरवा. अशी जागती वेल बारा-पंधरा वर्षांत थकते आणि शेतकरी तिला काढून नवी लावतो. म्हणजे साखळी बांधली नसती तरी तात्यांच्या शिराजचे आजोबा झाले नसते. हा विचार आम्हांस प्रथम सुचला तेव्हा मोठा दिलासा वाटला होता. पण दिलासा फार टिकला नाही. बारा वर्षे आणि चार वर्षे यांत आठ वर्षांचे अंतर आहे.

त्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. तात्या आता सत्तरीला आले आहेत. छाटणीला मजूर लावतात, पण कात्री स्वतःच्या हाताने पाजळून देतात. दुपारी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून आम्ही मोबाईलवरचा तो फोटो त्यांच्यापुढे धरला. कोणाचा, कुठला, काही सांगितले नाही. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला.

"द्राक्ष हाये," ते म्हणाले.

आम्ही म्हणालो, "शिराज."

ते काही बोलले नाहीत. त्या घरात तेरा वर्षांत तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. मग आम्ही सगळे सांगितले. चर्च, जर्मन शेतकरी, १८६०, सहा पिढ्या, पाच वर्षांनी निघणारी बाटली. बाटलीच्या किमतीवर ते नुसते "हं" म्हणाले. गाईच्या शिंगावर मात्र थांबले, आणि "गाय आपली का त्यांची?" असे विचारून स्वतःच हसले. मग पुन्हा फोटो जवळ घेऊन खोडाच्या बुंध्यावर बोट ठेवले.

"खुंट कोणता?"

"खुंट नाही तात्या. कलम नाही. आपल्याच मुळावर आहे."

"आपल्याच मुळावर," ते हळूच म्हणाले. "एवढी वर्सं."

फोन त्यांनी बराच वेळ परत दिला नाही. आत चकलीचा घाणा चालू होता, त्याचा तळकट वास ओट्यापर्यंत येत होता. आम्हांस ते पाचवे पान सांगावयाचे होते. तेरा वर्षे सांगावयाचे होते. आम्ही म्हणालो, "तात्या, त्या करारातलं एक कलम मला तेव्हा कळलं नव्हतं. मी तसंच वाचलं."

तात्यांनी फोटोवरची नजर काढली नाही. "मला ठावं होतं," ते म्हणाले. "तू दोनदा वाचलंस तवाच कळलं."

"मग सही का केलीत?"

"दोघं भाऊबंद बसले होते शेजारी," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर पोराला कसं म्हणू, की तुला येत न्हाई?"

यावर आम्हांस बोलावयास काही सुचले नाही. त्यांनाही बोलणे वाढवायचे नव्हते. त्यांनी चष्मा नीट केला आणि एकदम कामाच्या आवाजात विचारू लागले. या म्हाताऱ्या खोडावर काडीला किती डोळे ठेवतात? पाणी देतात की पावसावर? खोड पोकळ झालंय, त्यात भुंगेरा शिरत नाही का? काडी रुजत घालतात ती कोणत्या महिन्यात? आम्हांस यातल्या एकाचेही उत्तर पुरते देता येईना. आम्ही वाचले होते ते घराण्याविषयी, वेलीविषयी नव्हे.

"तुझा तो मैतर हाये ना तिथं? त्याला लिही," तात्या म्हणाले. "त्या बाईंना विचार म्हणावं. बाग बघणारीला."

आम्ही फोन घेतला आणि ते सांगतील तसे लिहू लागलो. प्रश्न सात झाले. पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवणार इतक्यात तात्यांनी आमचा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "आधी वाचून दाखव."